औषधाला नेवता

प्रयोगशाळेतल्या फ्रिजच्या मधल्या फळीवर, सत्तावीस नंबरची कुपी असायची त्या जागी, हळदीने पिवळे केलेले तांदूळ होते. चिमूटभर. शेजारी एक सुपारी.

हिमांशूने नूतनच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि तो हसायलाच लागला. तो गोंदिया शहरातला, घरात हिंदी बोलणारा. दोघं एकाच सरांच्या हाताखाली, एकाच टेबलाच्या दोन टोकांना पीएच.डी. करत होते.

"ये क्या? किसीने फ्रिज की पूजा कर डाली? नूतन, तुझ्या मशीनचं लगन लागलं वाटते."

नूतन हसली नाही. हातातला मोजा तिने अर्धाच घातला होता, तो तसाच बोटांवर लोंबत राहिला.

हे तांदूळ ती लहानपणापासून ओळखत होती. तिचे वडील सुखराम कामठ्याकडे धान पिकवायचे, पण आसपासच्या गावांत त्यांना लोक ओळखायचे ते जडीबुटीसाठी. मुळी आणायची तर तिला आधी नेवता, म्हणजे आमंत्रण, द्यावा लागतो, असं ते सांगत. शनिवारी सांजेला झाडापाशी जायचं, पिवळे तांदूळ आणि सुपारी ठेवायची, हात जोडायचे आणि म्हणायचं, माय, उद्या तुले न्यायले येतो, माह्या घरी चाल. रविवारी उजाडताना मुळी काढायची. आणि तिथून पुढे, रोग्याच्या तोंडात औषध जाईपर्यंत, आणणाऱ्याने एक शब्द बोलायचा नाही. बोलला की गुण गेला. तडकलेल्या मडक्यातून पाणी जावं तसा.

काल शनिवार होता. काल बाबा आले होते.

नव्या धानाचे पोहे घेऊन आले होते. "दाखव तं पोरी, थे औषध कोठी ठेवतं तू," म्हणाले होते. तिने फ्रिज उघडून दाखवली होती ती छोटी काचेची कुपी, तळाशी फिकट पिवळी भुकटी. मग ढवळणारं यंत्र बंद करायला ती वळली. तेवढ्यात हे झालं असणार. रात्री ते तिच्याच खोलीवर झोपले, आणि सकाळी तिला जाग आली तेव्हा गेलेले होते. त्यांचा फोन चार्जिंगला लागलेला होता. विसरले, असं तिला वाटलं.

विसरले नव्हते. फोन वाजला असता तर बोलावं लागलं असतं.

"हिमांशू," ती म्हणाली, "गाडी काढ."

"कुठं जायचं?"

"घरी. बाबा सत्तावीस घेऊन गेले. आचलसाठी."

हिमांशूचं हसू गेलं. कारण सत्तावीसचं काय झालं ते जगात ज्या थोड्या माणसांना माहीत होतं, त्यातला तो एक होता.

आचल नूतनची धाकटी बहीण. तिला जन्मापासून सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडांतून अशी कळ उठते की उभी पोरगी जमिनीवर गोळा होऊन पडते. थंडी पडली की जास्तच. ती लहान असताना आई, नंदाबाई, तिचे पाय शेकता शेकता आपल्याच मनाने जोडलेलं म्हणायची:

*विळा धानाले लागे, धान भुईवर लोळे,*
*माह्या लेकीच्या रगतात कोनं पेरले गा विळे?*

त्या प्रश्नाचं उत्तर शोधत नूतन रसायनशास्त्रात शिरली होती. पेरलं कोणी ते तिला पुस्तकात सापडलं. काढायचे कसे, ते कोणत्याच पुस्तकात धड नव्हतं. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे कण एकमेकांना धरतात, साखळी होते, साखळ्यांचे दोर होतात, आणि त्या दोरांच्या ताणाने पेशी वाकते. कणांनी एकमेकांचा हात धरण्याआधी मध्येच कुणीतरी जाऊन बसलं पाहिजे. असं बसणारं काही बनवायचं. आइसक्रीमला वास देतं ते व्हॅनिलिन घेऊन त्याच्या अंगाला कधी इथे तर कधी तिथे एकेक फांदी जोडत ती वर्षानुवर्षं बसली होती. बरीचशी बनवलेली कामाची नव्हती. सत्ताविसावं मात्र बसलं. सूक्ष्मदर्शकाखाली विळे दिसायला हवे होते तिथे गोल गोल पेशी, पावसाळ्यात तळ्यावर पसरलेल्या कमळाच्या पानांसारख्या. त्या दिवशी ती कामठ्याला धावत गेली होती. आईने गूळ वाटला होता. आचलने विचारलं होतं, "मंग कवा देशीन मले?"

"उंदरांवर पाहायचं अजून," ती म्हणाली होती. "मग मोठ्या प्राण्यांवर. मग माणसांवर. वेळ लागते बाई."

"उंदीर मजेत असतीन," आचल म्हणाली होती. "त्याइले पहिला नंबर."

उंदीर मजेत नव्हते. गुरुवारी नागपूरहून, उंदरांवर चाचणी चालली होती तिथून, फोन आला. सत्तावीस हिमोग्लोबिनला धरत होतं हे खरं, पण तेवढ्यावर थांबत नव्हतं. जिथे हात पोचेल तिथे चिकटत होतं. उंदरांची यकृतं सुजली होती. काही मेले होते. बाकीचे मरायला टेकले होते.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवारी बाबा फ्रिजसमोर उभे होते. आणि ती काहीच बोलली नव्हती.

---

गाडी बाजार ओलांडून निघाली तेव्हा तिने आईला फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा उचलला.

"माय, बाबा आले का घरी?"

"आले नं. आन तोंड शिवून आले. मी विचारलं चहा ठेवू का, तं मान हालवली. थे काचाची कुपी कमरेले बांधली, लोटा घेतला अन् गेले मनिरामच्या घरी. त्याची कारी गाय व्याली आहे, दूध आणाले." नंदाबाईचा आवाज खाली आला. "थेच आहे का वो थे? तुहं औषध?"

"माय, ऐक. ते द्यायचं नाही. आचलला हातही लावू द्यायचा नाही त्याला."

"काऊन?"

"विष आहे ते."

फोनमधून मागे आचलचं कण्हणं ऐकू येत होतं. दातांवर दात ठेवून काढलेला तो आवाज नूतनला कुठूनही ओळखू आला असता.

"कालपर्यंत औषध होतं," नंदाबाई म्हणाली. "आज विष झालं का? गूळ वाटला होता मी गावभर. तूच मनली होतीस नं, पेशी गोल झाल्या मनून?"

"काचेवर झाल्या. उंदीर मेले, माय."

"कवा?"

नूतन थांबली. तेवढं थांबणं पुरलं.

"हे पाय," नंदाबाई म्हणाली, "तुहं शिक्षण आहे, तुहे साहेब आहेत, तुहा कागद छापून यायचा आहे, मले समजते. लवकर दिलं तं तुह्यावर बोट येईन. पण पोरगी कालपासून अशी पडून आहे. पानी ठरत नाई तिच्या पोटात. अन् तू मले फोनवर..."

"माय, कागदाची शपथ..."

"कागदाची कायले खातं शपथ!"

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर वाजलाच नाही.

रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. हिमांशूने गाडी अगदी दांड्याला नेऊन भिडवली. मालगाडी यायची होती, अजून दिसतही नव्हती. बाजूला भाताची पोती भरलेला ट्रॅक्टर, त्यावर बसलेला माणूस मोबाइलवर गाणं ऐकत होता.

"घरी सांगितलं काऊन नाही?" हिमांशूने मागे न बघता विचारलं.

"आज सांगणार होती."

"गुरुवारी तू मला पण हेच सांगितलं. शुक्रवारी पण."

"तुझ्या घरात कुणी असं पडलेलं असतं आणि तुझ्या हातात एकच कुपी असती, तर समजलं असतं तुला."

त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "किती देतील ते?"

तिने तो हिशेब आधीच मनात केला होता. बाबांचं माप तिला माहीत होतं. नखावर मावेल तेवढं. जडीबुटीच्या भुकटीचं ते माप. मुळीत असतो बहुतेक काष्ठाचा भाग, औषध असतं नावापुरतं. कुपीत मात्र काष्ठ नव्हतं. नखभर सत्तावीस म्हणजे निखळ सत्तावीस. आणि आचलचं यकृत आधीच थकलेलं. इतक्या वेळा फुटलेल्या पेशींचा कचरा उचलून उचलून डोळे पिवळे झालेले.

"एका वेळेला पुरेल तेवढं," ती म्हणाली. कशाला पुरेल ते हिमांशूने विचारलं नाही.

मालगाडी आली. डबा, डबा, डबा. संपेचना.

---

अंगणात ऊन आलं होतं. उन्हात बाज टाकलेली, तिच्यावर दोन गोधड्यांखाली आचल. फक्त चेहरा बाहेर आणि एक मूठ. मुठीत आईच्या लुगड्याचा पदर.

सुखराम बाजेच्या उशापाशी उकिडवे बसले होते, तोंड पूर्वेला. समोर काशाची वाटी, वाटीत दूध. कुपीचं बूच उघडून बाजूला ठेवलेलं. दूध करंगळीने ढवळत होते. आइसक्रीमच्या दुकानासमोर येतो तसा गोड वास अंगणभर झाला होता, आणि नंदाबाई तो वास घेत होती, जणू वासातच अर्धा गुण असावा.

"बाबा!"

सुखरामांनी मान वर केली. पोरीकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, चोरी पकडल्याची लाज होती आणि त्याहून मोठं काहीतरी होतं. त्यांनी डावा हात वर करून थांबायची खूण केली.

"बाबा, द्यायचं नाही ते. उंदरांचं यकृत गेलं त्याने. मी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, माझी चूक. पण देऊ नका."

त्यांनी मान हलवली. नाही. पुन्हा वाटीकडे वळले.

"टोकू नको वो त्याइले," नंदाबाई म्हणाली. "बोलले तं सप्पा वाया जाईन."

नूतन जागच्या जागी थबकली. सप्पा, सगळंच वाया जाईल. बाबा बोलले तर. तिला वाटेत इतकं काही सुचलं होतं, एन्झाइमचे आकडे, सूज, मात्रा. यांतलं काहीही या अंगणात पोचणार नव्हतं. वाटी हिसकावून ओतली असती तर कुपीत अजून होतं. कुपी फोडली असती तर त्यांच्या मनात ती कायमची औषधाची कुपी राहिली असती, आणि आचल गेली त्या दिवशी, केव्हाही, सगळ्यांनी म्हटलं असतं, नूतनने दिलं नाही.

त्यांनी स्वतः टाकलं पाहिजे होतं. आणि ते तेव्हाच टाकतील, जेव्हा बोलतील.

"बाबा, प्रयोगशाळेचं कुलूप तुम्ही उघडलं? माझ्या पर्समधून चावी काढली, परत ठेवली?"

मान हलली. हो.

"चोरी केली लेकीच्याच कामाच्या जागी?"

डोळे मिटले. उघडले. ओठ तसेच.

"गावात काय तोंड दाखवाल? पोलीस आले तर?"

काही नाही. करंगळी वाटीत फिरत राहिली. आयुष्यभर ज्या माणसाने झाडांशी बोलून माणसांशी मौन पाळलं, त्याला असल्या बोलांनी काय होणार?

"देऊन टाका बाबा," आचल म्हणाली. डोळे बंदच होते. "ताई, तू जा तिकडं. जे होईन थे होऊ दे. मले आता सोसाचंच नाई हे."

सुखरामांनी एका हाताने आचलची मान उचलली, दुसऱ्याने वाटी.

नूतनने वाटी घेतली. हिसकावली नाही. दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घ्यावा तशी, आणि त्या बेसावध क्षणी सुखरामांच्या हातातून ती सुटली.

"चांगलं आहे ना?" ती म्हणाली. "मग मी घेते आधी. मी बनवलं, मला काय होते?"

आणि तिने वाटी तोंडाला लावली.

हिमांशू अंगणाच्या फाटकापाशीच होता, तो ओरडला, "अरे पागल!" आणि धावला. नंदाबाई पुढे झाली तसा आचलच्या मुठीतला पदर सुटला. दुधाचा पहिला घोट नूतनच्या तोंडात गेला, गोड आणि त्या गोडीखाली कडवट, जिभेवर मुंग्या आल्यासारखं. तिने गिळलं नाही. गिळलं नाही आणि थुंकलंही नाही. गाल फुगवून ती वडिलांकडे बघत राहिली. घसा आपोआप हलायला लागला होता. तोंडात पाणी सुटत होतं, आणि आता, आता गिळलं जाईल असं तिला वाटलं.

"थुक!"

सुखराम बाजेवरून उडी मारावी तसे उठले. एका हाताने तिची मान वाकवली, दुसऱ्याने पाठीत दणका घातला.

"थुक, थुक माय! थुक म्हनतो नं मी! नंदे, पानी आन! अवो बघून काय राहिली, पानी आन!"

ती थुंकली. तिने खळखळून चूळ भरली, पुन्हा थुंकली. सुखरामांनी तिच्या तोंडात बोट घालून जीभ पुसली, लहानपणी माती खाल्ली की पुसायचे तशी. वाटी कलंडून दूध मातीत जिरत होतं आणि एक कोंबडी तिकडे निघाली होती. तिला हिमांशूने लाथेने हाकललं.

मग सगळे थांबले.

"बोलले तुमी," नंदाबाई म्हणाली. फार हळू.

सुखराम खाली बसले. आपल्या हातांकडे बघत होते. त्या हातांनी एका लेकीला जे पाजायला ते बसले होते, तेच दुसऱ्या लेकीच्या तोंडातून त्यांनी ओरबाडून काढलं होतं. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी कुपी उचलली, बूच लावलं आणि नूतनच्या हातात दिली.

"किती मेले उंदीर?"

"बरेच."

"कवा समजलं तुले?"

"गुरुवारी."

"अन् काल मी तुह्या फ्रिजपासी उभा होतो." ते म्हणाले. "मी नाई बोललो, थे रीत होती पोरी. तू नाई बोलली, थे काय होतं?"

नूतनने तोंड उघडलं, पण आत अजून ती मुंग्यांची जीभ होती.

"तुमचं भांडन मंग करजा," बाजेवरून आचल म्हणाली. तिचे ओठ निळसर पडले होते. "मी इकडं मरून राहिली. दवाखान्यात न्या कोनी."

---

मनिरामने आपली गाडी काढली. माल वाहायची, मागे उघडी. बाज तशीच उचलून आत ठेवली. हिमांशू पुढे मोटरसायकलवर गेला, दवाखान्यात सलाइन आणि रक्ताची पिशवी तयार ठेवायला सांगायला. नंदाबाई पुढे मनिरामशेजारी बसली, आणि बसताना तिने नूतनकडे पाहिलं नाही. नूतन बाजेच्या पायथ्याशी, आचलचे पाय मांडीवर घेऊन. सुखराम उशाशी.

रस्ता नेहमीचाच, खड्ड्यांचा. एकेका खड्ड्याला आचल विव्हळायची, आणि तिचे पाय नूतनच्या मांडीवर आखडायचे.

"सत्तावीस गेलं मंग?" आचलने विचारलं.

"गेलं."

"कायले गेलं?"

"नको तिथं चिकटतं. त्याची एक फांदी छाटावी लागेल. मग बघू."

"छाट नं मंग." पुढचा खड्डा आला, तिने दात आवळले, तो गेला. "पण मले सांगजो. मेले उंदीर तरी सांगजो. मी वाट पाहत बसतो नं."

"सांगीन."

"माय कसम?"

"माय कसम."

पुढच्या काचेतून नंदाबाईची पाठ दिसत होती. ती हलली नाही.

आणि मग सुखराम बोलायला लागले. पोरीचं डोकं मांडीवर घेऊन, तिच्या कपाळावरचे केस मागे सारत, काहीही. मनिरामच्या काऱ्या गाईला गोऱ्हा झाला, कपाळावर पांढरा टिळा आहे त्याच्या. औंदा धान बरं उतरलं, पण खोडकिड्यानं खालचा बांध खाल्ला. मंडईच्या जत्रेत दंडार नाचणारा पोट्टा घसरून पडला तं लोकाइले वाटलं थो नाचच आहे, सप्पाइनं टाळ्या वाजवल्या. आचलच्या ओठांचा एक कोपरा हलला. खड्डा आला. ती ओरडली. सुखरामांनी आवाज वाढवला.

"आन आयक, मंग काय झालं..."

जन्मात त्यांना कुणी सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मनिराम आरशातून पुन्हा पुन्हा बघत होता. घसा कोरडा पडला तरी ते थांबत नव्हते. एक गोष्ट संपायच्या आत दुसरी धरत होते, कुणाची तरी सोयरीक, कुठलं तरी साप निघालेलं घर. आचलच्या मुठीत त्यांची दोन बोटं होती आणि ती कळ आली की पिळत होती, पांढरी पडेपर्यंत. ते बोटं सोडवून घेत नव्हते.

"मंग?" आचल मध्येच म्हणाली, डोळे न उघडता. "सापाचं काय झालं बाबा?"

"सांगतो नं," सुखराम म्हणाले, आणि सांगू लागले.